मुलांना गळ टाकायला शिकवायचंय? आधी आपली काठी घरी ठेवा

भाच्याला पहिल्यांदा मासे धरायला नेलं तेव्हा मी एकाच दिवसात तीन चुका केल्या. पहाटे साडेचारला त्याला झोपेतून उठवलं, मोठे मासे असलेल्या पाण्यावर नेलं आणि स्वतःची आवडती काठीही बरोबर घेतली. मोठ्या माशांचं पाणी म्हणजे दिवसाकाठी एखादी ओढ. पोरगा सात वर्षांचा. पाऊण तासात त्याने सगळा खाऊ संपवला, पाण्यात एकवीस दगड टाकले (त्यानेच मोजले) आणि मग विचारलं, "आत्या, मासे झोपलेत का?" नेमका त्याच क्षणी माझ्या गळाच्या दोरीला बांधलेला तरंगा हलला होता. मी त्याच्यावर खेकसले. परतताना तो गप्प होता आणि पुढे वर्षभर त्याने मासेमारीचं नाव काढलं नाही.

दुसऱ्या वेळी मी माझी काठी नेलीच नाही. खाली जे लिहिलंय त्यातलं बरंचसं त्या एका फरकामुळे मला कळलं. लोक म्हणतात, मासेमारीने मुलांना संयम येतो. येत असेल, पण आधी तो मोठ्यांना शिकावा लागतो. आपण गळ टाकून बसलो की पोराचा गुंता सोडवणं ही कटकट वाटते. रिकाम्या हाताने बसलो की तेच आपलं काम होतं.

वय आणि वेळ

चार-पाच वर्षांचं मूल काठी धरू शकतं, तरंग्याकडे बघू शकतं आणि मासा आला की ओरडू शकतं. तेवढं पुरे आहे. गाठ मारणं आणि आमिष स्वतः लावणं साधारण सात-आठ वर्षांनंतर जमायला लागतं. त्याआधी हट्ट करू नका.

पहिली फेरी तासाभराच्या आत संपवा. मूल "अजून थोडा वेळ" म्हणत असताना उठायचं. हे जड जातं, विशेषतः मासे नुकते लागायला लागले असतील तर. पण कंटाळून परतलेलं मूल कंटाळाच लक्षात ठेवतं. सकाळी ऊन चढण्याआधी किंवा दुपार कलल्यावर मासे काठाजवळ जास्त फिरतात. तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, त्यामुळे भर दुपारी उथळ पाण्यात फारसं काही होत नाही. तरी पहाटेच्या हव्यासापायी मुलाची झोप मोडू नका. मुलाने पूर्ण झोप घेतलेली असणं माशांच्या वेळेपेक्षा महत्त्वाचं.

सामान: रील नको

दुकानात मुलांसाठी म्हणून रंगीबेरंगी, रीलची, म्हणजे दोरी गुंडाळायची चकरी असलेली छोटी काठी मिळते. ती घेऊ नका. रील आलं की तंगूस (गळाची नायलॉनची दोरी) सुटते, गुंतते, फेक चुकते, झाडात अडकते, आणि पहिले तीन तास यंत्र शिकण्यातच जातात. सुरुवातीला साधी, बिनरीलची काठी हवी: दोन ते तीन मीटर लांब, मुलाला एका हाताने पेलेल इतकी हलकी. बांबूची चालेल, फायबरची चालेल. टोकाला तंगूस बांधायची, तीही काठीपेक्षा वीतभर आखूड. म्हणजे काठी उभी केली की गळ झुलत आपोआप मुलाच्या हाताशी येतो. ही मोजणी चुकली, तंगूस लांब झाली, की गळ शर्टात नाहीतर केसात.

तंगूस ०.१८ ते ०.२० मिलिमीटर जाडीची पुरते. गळ १२ किंवा १४ नंबरचा. गळाच्या नंबरात मेख अशी की आकडा वाढला की गळ लहान होतो, त्यामुळे "लहान मुलासाठी लहान नंबर" म्हणून ४ नंबर आणू नका.

आता सगळ्यात महत्त्वाचं काम. गळाच्या टोकाजवळ आतल्या बाजूला जो उलटा काटा असतो, तो पक्कडीने दाबून सपाट करा. प्रत्येक गळाचा, न विसरता. कापसाच्या बोळ्यावर टोचून बघा. सहज बाहेर आला तर काटा गेला. काटा नसलेल्या गळावरून एखादा मासा निसटेल, पण माशाच्या तोंडातून तो क्षणात निघतो. आणि बोटात घुसलाच, तर बोटातूनही.

तरंगा बारीक, पेनाच्या रिफिलसारखा घ्या. चेंडूसारखा गोल, लालभडक तरंगा मुलांना आवडतो, पण छोट्या माशाला तो खाली ओढताना जोर लागतो आणि अडथळा जाणवला की मासा आमिष थुंकतो. तंगुसाला वजनाचे मणी इतके लावायचे, की तरंग्याचं फक्त टोक पाण्याबाहेर राहील. बहुतेक वजन तरंग्याजवळ आणि एकच बारीक मणी गळाच्या वीतभर वर. हे घरी बादलीत करून बघायचं आणि मुलाकडूनच करून घ्यायचं. एक मणी कमी, एक जास्त, तरंगा बुडतो, वर येतो. दहा मिनिटांचा खेळ आहे आणि त्यात पोराला जे कळतं ते समजावून सांगता येत नाही. मणी शिशाचे नसलेले मिळाले तर तेच घ्या. मुलं ते दातांनी दाबतात. शिवाय तुटून पडलेले मणी पाणपक्षी खड्यांबरोबर गिळतात. राजहंस अशाने मरतात हे लक्षात आल्यावर ब्रिटनमध्ये १९८७ साली शिशाच्या बहुतेक वजनांवर बंदी आली.

आणि तंगूस, तरंगा, मणी, गळ असे पूर्ण तयार केलेले आणखी तीन-चार जोड पुठ्ठ्यावर गुंडाळून न्या. पाण्यावर गुंता सोडवत बसायचं नाही. जुना काढायचा, नवा बांधायचा, दोन मिनिटांत गळ पुन्हा पाण्यात. गुंता खिशात घालून घरी न्यायचा. पाण्याकाठी टाकलेली नायलॉनची तंगूस वर्षानुवर्षं कुजत नाही आणि पक्ष्यांच्या पायांना फास बसतो.

घरची तयारी

गाठ शिकवायला तंगूस वापरू नका, ती मुलाला दिसतच नाही. बुटाची नाडी आणि किल्ल्यांची कडी घ्या. नाडी कडीतून ओवायची, मोकळ्या टोकाने मुख्य दोरीभोवती पाच वेढे द्यायचे, टोक परत कडीजवळच्या पहिल्या फटीतून घालायचं आणि त्यामुळे जो मोठा फेरा तयार होतो त्यातून काढायचं. मग ओढायचं. खऱ्या तंगुसावर ओढण्याआधी गाठ थुंकीने ओली करायची, कारण कोरडी ओढली तर घर्षणाने नायलॉन तापतं आणि गाठ तिथेच कमजोर होते. थुंकायची परवानगी मिळाल्यामुळे हा भाग कोणतंही मूल विसरत नाही.

फेकायचा सराव बिनगळाचा. तंगुसाच्या टोकाला खोडरबर बांधा, जमिनीवर एक परात ठेवा आणि एका हाताने काठी, दुसऱ्या हाताने खोडरबर धरून, काठीचं टोक हलकेच पुढे नेत खोडरबर सोडायला शिकवा. डोक्यावरून फेकायचं नाही. झुल्यासारखं खालूनच. परातीत पाचपैकी तीन पडले की पोरगं पाण्यावर न्यायच्या लायकीचं झालं. आणि एक सवय इथेच लावा: फेकण्याआधी मागे वळून बघायचं आणि "मागे कोण?" असं मोठ्याने विचारायचं. कोणी नसलं तरी.

पाणी कोणतं

छोटे मासे भरपूर असलेलं. एवढाच निकष. बोटभर मासे का असेनात, दर दहा मिनिटांनी तरंगा हलला पाहिजे. काठ सपाट हवा, पाणी संथ हवं, मागे झाडांच्या फांद्या नकोत आणि सावली जवळ हवी. त्या पाण्यावर मासे धरायला परवानगी लागते का, विणीच्या हंगामात बंदी असते का, किती लहान मासा सोडावा लागतो, हे आधी विचारून ठेवा आणि मुलालाही सांगा.

वर बघायची सवय लावा. वरून विजेच्या तारा जात असतील तिथे थांबायचंच नाही. कार्बनच्या काठीतून वीज वाहते आणि ओल्या काठ्यांचाही भरवसा धरू नये. ढगांचा गडगडाट ऐकू आला की काठ्या खाली ठेवून लगेच निघायचं, "हा एकच मासा" म्हणायचं नाही. पोहता येत असलं तरी लाइफ जॅकेट, डोक्यावर टोपी, डोळ्यांवर चष्मा आणि पायात बूट. चष्मा उन्हापेक्षा गळासाठी. सोबत बघायला एकच मोठं माणूस असेल तर दोनपेक्षा जास्त मुलं नेऊ नका. मी एकदा चार नेली होती. परत नेणार नाही.

काठाशी पोचल्यावर धावायचं नाही, हे मुलांना ऐकवत राहण्यापेक्षा कारण सांगा. माशाच्या दोन्ही अंगांना एक रेघ असते, तिथून त्याला पाण्यातली बारीक थरथर कळते. काठावर आपटलेलं पाऊल त्याला तसं "ऐकू" येतं. दिसण्याचंही असंच. पाण्याखालून वर बघताना बाहेरचं जग माशाला साधारण ९७ अंशांच्या गोल खिडकीतूनच दिसतं. आपण उभे असलो की त्या खिडकीत येतो, बसलो की कडेला चपटून पुसट होतो. हे सांगितल्यावर भाचा शेवटचे वीस फूट पोटावर सरपटत गेला. गरज नव्हती, पण मी अडवलं नाही.

गळ पाण्यात

आधी खोली मोजा. गळाला थोडं जड वजन अडकवून पाण्यात सोडायचं. तरंगा बुडाला तर पाणी जास्त खोल आहे, तरंगा तंगुसावर वर सरकवा. आडवा पडला तर खाली. उभा राहिला की गळ तळाला टेकतोय असं समजायचं. वजन काढून टाका आणि तिथून पुढे थोडं वर-खाली करून बघा.

आमिष म्हणून पावाचा चुरा दाबून केलेली गोळी, भिजवलेल्या पिठाची गोळी, मक्याचा दाणा किंवा गांडूळ. गोळी वाटाण्यापेक्षा लहान हवी. मुलं लिंबाएवढी करतात आणि मग मासे चारही बाजूंनी कुरतडून पोट भरून निघून जातात. गांडूळ टोचायला मूल कचरत असेल तर पिठाची गोळी द्या. तो मुद्दा करू नका.

मग मुलाला एक कायमचं काम द्या: दर दोन-तीन मिनिटांनी तरंग्याजवळ पावाचा चिमूटभर चुरा टाकणं. मासे त्याने जमतात हे खरं, पण याचा मोठा फायदा वेगळाच आहे. हाताला काम मिळतं.

वाट बघणं

इथे बहुतेक मोठी माणसं हरतात. "शांत बस, मासे पळतील" हे वाक्य दर मिनिटाला म्हटलं की वाट बघणं म्हणजे शिक्षा झाली. मुळात बोलण्याने मासे फारसे बिचकत नाहीत. हवेतला आवाज पाण्यात शिरतच नाही म्हणा ना, त्याचा बहुतेक भाग पृष्ठभागावरून परततो. आपटणं बिचकवतं. म्हणून गप्पा मारू द्या.

मी भाच्याला तरंग्याची भाषा शिकवली. तरंगा एका बाजूला सावकाश सरकतोय आणि जवळची पानंही त्याच बाजूला, म्हणजे वारा. पानं थांबलेली आणि तरंगा सरकतोय, म्हणजे कोणीतरी आमिष घेऊन चाललंय. टुकटुक हलतोय, म्हणजे छोटे मासे कुरतडतायत, अजून थांब. बुडून गेला, म्हणजे उचल. आणि सगळ्यात मजेदार: तरंगा बुडायच्या ऐवजी वर उठतो किंवा आडवा पडतो. तळाशी खाणाऱ्या माशाने आमिष उचललं, त्याबरोबर तो खालचा बारीक मणीही उचलला गेला, आणि त्याचं वजन तरंग्यावरून उतरलं. बादलीतला खेळ ज्याने केलाय त्याला हे सांगावं लागत नाही. त्याने मला सांगितलं.

पाण्यात बघायला आणखी खूप असतं. तळातून वर येणारे बुडबुडे एकाच जागी येतात की सरकत जातात? सरकत गेले तर खाली कोणी चिखल उकरतंय. पृष्ठभागावरच्या वर्तुळाच्या मध्यभागी काय होतं, किडा की माशाचं तोंड? पहिल्या दोन-तीन फेऱ्यांत मुलाला यातलं काही दिसत नाही. मग एक दिवस त्याला तुमच्या आधी दिसतं. माझ्या हिशेबी शिकवण्याची खरी कमाई ती. धरलेले मासे मला आता आठवतही नाहीत.

दगड टाकावेसे वाटले तर टाकू द्या, फक्त पन्नास पावलं लांब जाऊन. काठी खाली ठेवून बेडकामागे गेला तर जाऊ द्या. पण गळ पाण्याबाहेर काढूनच. ओढ चुकली, उशिरा उचललं, आमिष गेलं, तर मनात दहा आकडे मोजा. काठी त्याच्या हातातून घेऊन "हे बघ असं" कधीही करू नका. मला ही खोड जाईना म्हणून मी हात पाठीमागे बांधून बसायला लागले.

मासा लागला

मुलं जिवाच्या आकांताने हिसका मारतात आणि मासा डोक्यावरून मागच्या झुडपात जातो. "उपट" म्हणू नका, "उचल" म्हणा. मनगटाने काठीचं टोक वर, बास. मासा हाताएवढा असेल तर काठी उभी धरून त्याला दमू द्यायचं आणि हातजाळी आधी पाण्यात बुडवून मासा तिच्यावर आणायचा. जाळी घेऊन माशामागे धावायचं नाही. जाळी धरणं हे तुमचं काम. तेवढं एकच.

मासा हातात घेण्याआधी हात ओले. त्याच्या अंगावर जो बुळबुळीत थर असतो तो त्याला संसर्गापासून वाचवतो, आणि कोरड्या हाताने तो निघून जातो. मिशा असलेल्या माशांपासून सावध. त्यांच्यातल्या बऱ्याच जातींच्या पाठीवरच्या आणि कल्ल्यांमागच्या परांना टोकदार काटे असतात, काहींचे विषारीही. असा मासा मोठ्यानेच पक्कडीने सोडवायचा. गळ ज्या वाटेने गेला त्याच वाटेने मागे काढायचा. खोल गिळला असेल तर उकरू नका, तंगूस तोंडाजवळ कापा.

मुलासाठी एक नियम: मासा पाण्याबाहेर आला की तूही श्वास रोखून धर. तुला सोडावासा वाटला की त्यालाही सोडायची वेळ झाली. फोटो काढायचा तर त्याच वेळात.

गळ मुलाच्याच बोटात गेला तर काटा दाबलेला असल्याने तो मागे निघतो. जखम धुवा आणि धनुर्वाताची लस चालू आहे का बघा. चुकून काटेरी गळ खोल गेला असेल तर ओढाओढ न करता तंगूस कापून, गळ हलणार नाही असा बांधून डॉक्टरकडे जा. डोळ्याजवळ असेल तर हातच लावू नका.

"त्याला दुखतं का?"

हा प्रश्न येतोच, बहुधा पहिल्याच माशाला. "नाही रे, माशांना कळत नाही" असं उत्तर आमच्या लहानपणी मिळायचं. ते आता देता येत नाही. २००३ साली जीवशास्त्रज्ञ लिन स्नेडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ट्राउट माशाच्या तोंडाभोवती आणि डोक्यावर इजा ओळखणारे चेताग्राही असल्याचं दाखवलं. माशाला आपल्यासारखी वेदना जाणवते का यावर शास्त्रज्ञांत अजून वाद आहे. मी भाच्याला एवढंच म्हटलं, "बहुतेक दुखत असावं. म्हणून आपण काटा दाबतो, हात ओले करतो आणि उगाच वेळ लावत नाही." तो थोडा वेळ गप्प राहिला आणि मग आणखी एक गळ तपासायला मागितला.

मासा खायचा की सोडायचा, हे पाण्यावर जायच्या आधी ठरवा. खायचा असेल तर बादलीत तडफडत ठेवू नका. डोळ्यांच्या वर, डोक्यावर जड दांड्याचा एक नेमका घाव घालून लगेच मारायचा. मुलाला बघायचं नसेल तर बघायला लावू नका, आणि बघायचं असेल तर हाकलू नका. नंतर साफ करताना तो जवळ आलाच, तर कल्ले उघडून दाखवा, पोटातलं काय खाल्लं होतं ते शोधा. एक खवला उजेडात धरा. झाडाच्या खोडासारखी वर्तुळं दिसतात.

आणि एखाद्या दिवशी काहीच मिळणार नाही. "पुढच्या वेळी नक्की" असं वचन देऊ नका, ते तुमच्या हातात नाही. भाचा आणि मी अशा दिवशी वहीत चार ओळी लिहायचो: वारा कुठून, पाणी गढूळ की नितळ, आमिष काय, तरंग्याने काय केलं. दोन महिन्यांत त्याने स्वतःच शोधून काढलं, की आमच्या त्या पाण्यावर वारा ज्या काठाकडे वाहतो त्याच काठाला मासे लागतात. मी तिथे कित्येक वर्षं पाठीवर वारा घेऊन बसत होते, फेकायला सोपं म्हणून.

रील कधी?

मूल स्वतः गाठ मारतं, साधा गुंता स्वतः सोडवतं, मागे बघितल्याशिवाय फेकत नाही आणि तंगूस पुरत नाही अशा अंतरावरच्या माशांकडे बोट दाखवायला लागतं, तेव्हा. बहुधा दोन हंगामांनंतर. भाचा आता अकरा वर्षांचा आहे. मागच्या वाढदिवसाला मी त्याला रीलची काठी दिली. त्याने ती बाजूला ठेवली, धाकट्या बहिणीला नाडी आणि किल्ल्यांची कडी दिली आणि मला म्हणाला, "आत्या, तू आता थोडी मागे बस. तुझी सावली पाण्यावर पडतेय."